थांबलेलं अंडं

खोक्यावर दोन्ही बाजूंना निळ्या पेनाने ‘काच, सांभाळून’ असं लिहिलेलं होतं. आत भाताचं तूस, तुसात वर्तमानपत्राच्या पुरचुंड्या आणि प्रत्येक पुरचुंडीत एक अंडं. एकूण बारा. धुळ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने पाठवलेली कडकनाथची अंडी दोन गाड्या बदलून, आंबा घाट उतरून, तिसऱ्या दिवशी सकाळी लांज्याला आमच्या ओटीवर पोचली होती. एकालाही तडा नव्हता. धाकट्या लेकीला वाटलं होतं, अंडीही काळीच असणार. कडकनाथची कातडी काळी, तुरा काळा, जीभ आणि मांसही काळपट. पण अंड्याचं टरफल मात्र फिकट, थोडं तपकिरीकडे झुकणारं, आपल्या गावरान अंड्यासारखंच.

त्याच दिवशी दुपारी मी ती उबवणीच्या डब्यात लावली. एकविसाव्या दिवशी काही झालं नाही. बावीस, तेवीस असेच गेले. चोविसाव्या दिवशी परसात बसून एकेक अंडं फोडलं. सातांमध्ये नुसता पातळ बलक. तिघांत रक्ताचं बारीक कडं उमटून वाढ तिथेच थांबलेली. आणि दोघांत पुरती पिसं आलेली, मान पंखाखाली घेऊन बसलेली, मेलेली पिल्लं. केळीच्या बुंध्याशी ती दोन पिल्लं पुरताना काकी शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “अगं, गाडीतनं उतरलेल्या माणसालासुद्धा आपण आधी पाणी देतो, टेकायला सांगतो. तू तर अंड्यांना आल्या आल्या कामाला जुंपलंस.”

काकींचं बोलणं किती शब्दशः खरं होतं, ते पुढे कळलं. आज परसात पाच-दहा कोंबड्या पाळणारी कितीतरी माणसं लांबून अंडी मागवतात. कुणाला कडकनाथ हवी असते, कुणाला असील, कुणाला जुनी उघड्या मानेची गावरान. जिवंत कोंबडी पाठवण्यापेक्षा अंडी पाठवणं स्वस्त आणि सोपं. पण अंडं आणि पिल्लू यांच्यामध्ये जो प्रवास पडतो, त्याचा विचार फारसा कुणी करत नाही. फुटलं नाही म्हणजे नीट पोचलं, असंच आपण धरून चालतो.

मुळात अंडं प्रवास करू शकतं, हीच नवलाची गोष्ट आहे. कोंबडीने अंडं घातलं त्या क्षणी आतला जीव काही कोरा नसतो. टरफल चढण्याआधीच, कोंबडीच्या पोटात, बीजाचं फलन झालेलं असतं आणि पुढचं जवळजवळ एक दिवसभर अंडं तिच्या ४१ अंशांच्या उबेत वाढत असतं. म्हणजे सकाळी आपण खुराड्यातून उचलतो त्या गरम अंड्यात, पिवळ्या बलकाच्या माथ्यावरच्या मसुराएवढ्या पांढुरक्या ठिपक्यात, ४० ते ६० हजार पेशी आधीच तयार असतात. बाहेर आल्यावर अंडं निवतं आणि साधारण २१ अंशांच्या खाली गेलं की ही वाढ थांबते. जीव जात नाही, नुसता थांबतो.

हे थांबणं माणसाने शोधलेलं नाही, ते कोंबडीच्या गरजेतून आलं आहे. गावरान कोंबडी एका वेताला दहा-पंधरा अंडी घालते, तीही दिवसाला फार तर एक. पहिलं अंडं घातल्या घातल्या ती त्यावर बसली असती, तर पहिलं पिल्लू दाणे टिपायला लागलं असतं तेव्हा शेवटचं अजून टरफलातच असतं. गव्हाणी घुबडाकडे असंच होतं. तिथे पहिल्या अंड्यापासून उबवणी सुरू होते, म्हणून एका घरट्यात मोठी-धाकटी, उतरत्या मापाची पिल्लं दिसतात. घुबडाला ते चालतं, कारण पिल्लांना घरट्यातच खाऊ मिळतो. कोंबडीची पिल्लं मात्र जन्मली की चालतात आणि आईला त्या सगळ्यांना घेऊन एकदमच निघावं लागतं. म्हणून ती अंडी साठवत जाते, त्यांना थंड ठेवते, आणि वेत पुरा झाला की अंगात ताप भरल्यासारखी खुडूक होऊन बसते. पहिलं अंडं दोन आठवडे थांबलेलं असतं, शेवटचं एक दिवस. पिल्लं मात्र एका दिवसाच्या आत सगळी बाहेर पडतात. कुरियरच्या खोक्यातलं अंडं या जुन्या सवयीच्या भरवशावर प्रवास करतं.

या भरवशाला हद्द आहे. सात दिवसांपर्यंत अंडं १५ ते १८ अंशांत नीट राहतं. पुढे रोज थोडी थोडी पिल्लं कमी होत जातात आणि जी निघतात त्यांनाही तास-दोन तास उशीर होतो. म्हणून पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो दराचा नाही, तारखेचा: अंडी कोणत्या दिवशी गोळा केली?

आता हादऱ्यांकडे येऊ, कारण माझी पहिली बारा अंडी बहुतेक त्यांनीच गेली. टरफलाच्या आत दोन पापुद्रे असतात. अंडं निवताना आतला ऐवज आकसतो, रुंद टोकाला हे दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये हवेची छोटी पोकळी तयार होते. उकडलेल्या अंड्याच्या बुडाला दिसणारा खळगा तो हाच. पिल्लू पहिला श्वास याच पोकळीतून घेतं. गाडी खड्ड्यातून गेली, खोकं आपटलं, की आतला पापुद्रा आणखी सुटतो आणि हवेचा बुडबुडा अंड्यातून भटकायला लागतो. अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक पाडून त्याखाली मोबाइलचा दिवा लावा आणि भोकावर अंडं धरा. चांगल्या अंड्यात पोकळीची कड स्थिर दिसते. हादरलेल्या अंड्यात अंडं कलतं करताच ती कड पातळ पाण्यासारखी सरकते, कधी घोड्याच्या खोगिरासारखी दोन्हीकडे उतरलेली असते. पांढऱ्यातले दोन पीळदार दोर, जे बलकाला मधोमध धरून ठेवतात, तेही हिसक्यांनी सैल पडतात.

अशी अंडी थेट उबेत ठेवून फिरवायला लागलं, की तो बुडबुडा पुन्हा जागेवर बसतच नाही. म्हणून त्यांना टेकू द्यायचं. निमुळतं टोक खाली, रुंद टोक वर, अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, घरातल्या गार कोपऱ्यात, पूर्ण २४ तास. हात लावायचा नाही, धुवायचीही नाहीत. टरफलावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांच्यावर कोंबडीने दिलेला एक पातळ लेप असतो. धुतला की जंतूंना वाट मोकळी. अंडी थंडगार आली असतील तर खोकं लगेच उघडू नका. दमट हवेत थंड टरफलाला घाम फुटतो आणि त्या ओलाव्याबरोबर घाण आत शिरते. पोकळी फारच हललेली असेल तर यंत्रात लावल्यावरही पहिले दोन-तीन दिवस अंडी उभीच ठेवायची, नंतर नुसती या बाजूला, त्या बाजूला कलती करायची.

दुसऱ्यांदा अंडी मागवली ती एप्रिलमध्ये. या वेळी मी २४ तास थांबले आणि तरीही बारांतून एकच पिल्लू निघालं. तेव्हा उन्हाचा हिशेब कळला. २१ अंशांखाली वाढ थांबते आणि साडेसदतीस अंशांना ती धड होते, हे खरं; मधल्या पट्ट्यात मात्र अंड्याला धड झोप नसते, धड जाग नसते. गाडीच्या पोटात ३३-३५ अंशांवर अंडं अर्धवट जागं होतं, रात्री पुन्हा निवतं, सकाळी पुन्हा तापतं. वाढ वेडीवाकडी होते आणि कोवळा जीव चौथ्या-पाचव्या दिवशी संपतो. दिव्यावर दिसणारं ते रक्ताचं कडं बहुधा याचीच खूण. माझा आता पक्का नेम आहे: अंडी मागवायची ती मार्गशीर्ष-पौषात. कोकणात एप्रिल-मे उन्हाने जातो आणि जुलै-ऑगस्ट विजेच्या खोळंब्याने.

विजेवरून आजी आठवते. ती कोंबडी रवणीला बसवायची तेव्हा टोपलीत आधी राख, मग पेंढा, त्यात एक लोखंडी खिळा आणि वर अंडी ठेवायची. नऊ, अकरा किंवा तेरा, नेहमी विषम. खिळा कशाला, तर आभाळ गडगडलं म्हणजे अंडी बिघडू नयेत म्हणून. मी हे लांज्याच्या आसपासचं समजत होते. मग कळलं की पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी मेघगर्जनेने अंडी बिघडतात म्हणतो आणि उपाय सांगतो तो घरट्यातल्या पेंढ्याखाली लोखंडी खिळा ठेवण्याचा. त्याच काळातला कोलुमेला शेतीवरच्या ग्रंथात गवताखाली लसूण आणि लोखंडी खिळे ठेवणाऱ्या लोकांबद्दल लिहितो, आणि अंडी विषम ठेवायचं तोही सांगतो. गडगडाटाने अंडं मरत नाही. पण वीज कडाडते त्या दिवसांत हवा कुंद असते, कोंबडी बावरून उठते आणि आता तर आमच्या डब्याचे दिवेही जातात. दोन हजार वर्षं लोकांनी वाईट उबवणीचे दिवस नीट हेरले होते, कारण तेवढं चुकलं होतं.

राख मात्र उपयोगाची. तिच्यामुळे पिसवा कमी होतात, आणि खुडूक कोंबडीला पिसवांनी छळलं की ती अंडी सोडून उठते.

यंत्र की कोंबडी, यावर आमच्याकडे संध्याकाळच्या चहाला रोज वाद होतो. भाचा यंत्राच्या बाजूचा. त्याने बनवलेला डबा म्हणजे थर्माकोलचं खोकं, दोन बल्ब, जुन्या संगणकाचा पंखा, एक छोटं थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी. पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश, पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्यावर ३८ च्या थोडं वर. ओल पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. दिवसातून निदान तीन ते पाच वेळा अंडी फिरवायची, कारण न फिरवलेला गर्भ टरफलाच्या पापुद्र्याला चिकटतो. फिरवणं अठराव्या दिवशी बंद. वीज दोन तास गेली तर घाबरून जाऊ नये. कोंबडीही रोज दाणापाण्यासाठी वीस मिनिटं उठते. डबा गोधडीत गुंडाळावा. जास्त भीती उलट बाजूची आहे: थर्मोस्टॅट अडकला आणि पारा ४० च्या वर गेला तर थोड्याच वेळात सगळं संपू शकतं.

मी स्वतः कोंबडीच्या बाजूची. हललेल्या अंड्यांना तिच्या पोटाखालची ऊब जास्त मानवते असा माझा अनुभव आहे. पण खुडूक कोंबडी काही मागवून मिळत नाही. तिच्या मनात येईल तेव्हा ती बसणार. कडकनाथ स्वतः तर क्वचितच बसते. म्हणून तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवायची आणि तांबूस आईमागे काळीभोर पिल्लं चालताना बघायची.

कोंबडीखाली असो की डब्यात, दिव्यावर अंडी सातव्या दिवशी पाहावीत. चांगल्या अंड्यात लाल कोळी दिसतो: मध्ये गडद ठिपका आणि चहूकडे पसरलेल्या शिरा. ॲरिस्टॉटलने अंडी फोडून ही वाढ पाहिली होती. तीन दिवस-रात्री उलटल्यावर पांढऱ्यात रक्ताच्या ठिपक्यासारखं हृदय उसळताना दिसतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आपल्याला आज अंडं न फोडता ते दिसतं, एवढाच फरक. लेकीने पहिल्यांदा तो ठिपका हलताना पाहिला तेव्हा तिने श्वास रोखून धरला होता.

विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा भेदतं, हवेच्या पोकळीत डोकं घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसांनी श्वास घेतं. टरफलाला कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. मग चोचीच्या टोकावरच्या बारीक, कठीण खड्याने टरफलाला पहिली चीर पडते. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. चीर पडून बारा तास झाले, पिल्लू हलत नाही, मग माणसं नखाने टरफल सोलायला घेतात आणि रक्त येतं. त्या वेळात पिल्लू पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त अंगात ओढून घेत असतं, उरलेला बलक पोटात घेत असतं. चोवीस तासांपर्यंत हे चालतं. त्यानंतर ते टरफलात हळूहळू फिरत गोल चीर पाडतं, पायांनी रेटा देतं आणि टोपी उडाल्यासारखं झाकण निघतं. तोवर डब्याचं झाकण उघडायचं नाही. कोरडी हवा लागली की पापुद्रा आकसून पिल्लाला आवळून धरतो.

पोटात घेतलेला तो बलक दोन-तीन दिवसांची शिदोरी असतो. आधी निघालेल्या पिल्लांना उशिरा येणाऱ्या भावंडांसाठी घरट्यात थांबता यावं, याची ही सोय. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं टपालाने न्यायला सुरुवात केली ती याच शिदोरीच्या जोरावर. आपल्याकडे हॅचरीतून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत शंभर-शंभर पिल्लं दाणापाण्याशिवाय निघतात तीही यामुळेच. भावंडं एकमेकांना हाकाही देतात. १९६० च्या दशकात मार्गारेट व्हिन्स यांनी लाव्यांच्या अंड्यांवर प्रयोग करून दाखवलं की टरफलाला टरफल लागून असेल तर आतल्या टकटक आवाजांनी मागे राहिलेली पिल्लं घाई करतात आणि सगळी जवळजवळ बरोबर बाहेर येतात.

एप्रिलमधल्या त्या एकट्या पिल्लाला हाक द्यायला कुणी नव्हतं. लांबून आलेल्या अंड्यांचं हे दुखणं फारसं बोललं जात नाही. निम्मी निघाली तर आनंदच, पण कितीदा तरी बारांमधून एकच निघतं. एकटं पिल्लू सतत, कर्कश ओरडतं आणि ओरडून ओरडून थकतं. त्या वेळी घरात खुडूक कोंबडी असेल तर सोपं असतं: अंधार पडल्यावर पिल्लू हळूच तिच्या पंखाखाली सरकवायचं, सकाळी ती त्याला आपलं म्हणते. पहिल्या एक-दोन दिवसांत हे झालं पाहिजे. आमच्याकडे तेव्हा एकही कोंबडी बसलेली नव्हती. पिल्लू स्वयंपाकघरात टोपलीत, बल्बखाली राहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून लेकीच्या पावलांमागे धावू लागलं.

याचा अभ्यास जुना आहे. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने १८७३ मध्ये लिहिलं की नुकतीच जन्मलेली पिल्लं पुढ्यात हलणाऱ्या कोणत्याही गोष्टीमागे जातात; डोक्यावर टोपरं घालून चार दिवस ठेवलेली पिल्लं मात्र टोपरं काढताच माणसापासून पळाली. म्हणजे हे दार थोडाच वेळ उघडं असतं. पुढे कॉनराड लोरेन्झ यांनी हंसाच्या जातीतल्या पाणपक्ष्यांच्या पिल्लांवर हेच दाखवलं आणि १९७३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आमच्या घरात त्या दारातून जी आत आली तिचं नाव काळी. ती लेकीच्या खांद्यावर बसे, पाटाशेजारी शितं टिपे आणि दुपारी मोत्याच्या पोटाला टेकून झोपे.

मोत्या आमचा कुत्रा. त्याचं कौतुक करायला सगळे येतात, म्हणून सांगते: ते आपोआप झालं नाही. पंधरा दिवस तो साखळीत होता, रोज पिल्लाचा वास घ्यायचा, झेप घेतली की माझा आवाज चढायचा आणि शांत बसला की भाकरीचा तुकडा मिळायचा. आजही दोघांना एकटं सोडून मी बाजारात जात नाही. मनी मांजराला तर पिल्लू महिन्याचं होईपर्यंत स्वयंपाकघर बंद होतं. काळी तलंग झाल्यावर तिने मनीच्या नाकावर एकच चोच मारली आणि तो विषय संपला. खरी भीती घरच्या प्राण्यांची नाहीच. घूस, मुंगूस आणि दिवसा घार. त्यांच्यासाठी बारीक चौकटीची, अर्ध्या इंचाची जाळी हवी. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस पिल्लू ओढून नेतं. आणि मुलांनी पिल्लाचे मुके घ्यायचे नाहीत, हात धुवायचे, हे आमच्या घरात देवाच्या पाया पडण्याइतकं पाळलं जातं.

अंड्यातून रोगही येतात. साल्मोनेलाचे काही प्रकार आणि मायकोप्लाझ्मा आईकडून अंड्यात उतरतात, म्हणून लांबून आलेल्या अंड्यांची पिल्लं आधीच्या कळपात लगेच मिसळू नयेत. महिनाभर वेगळी ठेवावीत, मानमोडीची लस वेळेवर द्यावी. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हा त्या भागातल्या परसातल्या कोंबड्याही गेल्या, साठवलेली अंडीही नष्ट केली गेली. अशा बातम्या असतील तेव्हा त्या भागातून अंडी मागवू नयेत, कितीही चांगली जात असली तरी. आणि पाठवणारा ओळखीचा असावा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, ती माणसं अजून त्या नावाने कळवळतात.

तिसरं खोकं पौषात आलं. बारा अंडी, एक दिवस टेकवलेली, मग गावरान कोंबडीखाली. सात पिल्लं निघाली, त्यातला एक कोंबडा वाढवला. काळीला त्याची पिल्लं होतील असं वाटलं नव्हतं, कारण तिला कोंबड्यांपेक्षा माणसंच जवळची वाटत. आजही तिन्हीसांजेला इतर कोंबड्या खुराड्यात जातात आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसते. लेक तिला उचलून आत ठेवते. पण गेल्या मार्गशीर्षात तिची अंडी दिव्यावर धरली तर ती फलित निघाली.

बदलापूरच्या दादाला त्यातली नऊ हवी होती. खोकं करून पाठवू का म्हणून त्याने विचारलं. मी नको म्हटलं. भाचा रात्रीच्या रेल्वेने जाणार होता. तुसाने भरलेला डबा त्याने रत्नागिरीपासून मांडीवर धरला. सकाळी दादाचा फोन आला.

“पोचली गं. एकही फुटलं नाही. यंत्र चालू करून ठेवलंय, लावू का आता?”

“टोक खाली आहे ना?”

“हो, तू सांगितलं तसंच.”

“मग उद्या सकाळपर्यंत हात लावू नकोस, दादा.”